‘चंद्रकांता’ मूळ हिंदीतून कशी वाचावी: ऐयारी, तिलिस्म आणि प्रेमकथा यांचा पुरता आस्वाद घेण्यासाठी

देवकीनंदन खत्री यांची ‘चंद्रकांता’ १८८८ च्या सुमारास बनारसहून वाचकांपुढे आली. विजयगढची राजकन्या, नौगढचा राजकुमार, तिच्यावर डोळा ठेवून असलेला क्रूरसिंह, आणि या सगळ्यांच्या भोवती वेष पालटून वावरणारे ऐयार, म्हणजे राजांच्या पदरचे चलाख हेर. जोडीला तिलिस्म, म्हणजे खजिना दडवलेली गूढ वास्तू. कारस्थान, चमत्कार आणि प्रेम या तिन्ही गोष्टी इतक्या घट्ट विणलेली दुसरी भारतीय कादंबरी सहज सापडणार नाही. हिंदी साहित्याचा इतिहास लिहिणाऱ्या आचार्य रामचंद्र शुक्लांनी तिला साहित्य म्हणून फार मान दिला नाही, पण ती वाचण्यासाठी कितीतरी उर्दू वाचकांनी हिंदी शिकून घेतली, हे मात्र त्यांनीच नोंदवून ठेवलं.

मराठी वाचकाला लिपीची अडचण नाही आणि शाळेतली हिंदी पुरेशी आहे. तरीही अनेक जण पन्नास-साठ पानांनंतर पुस्तक मिटतात. कारण बहुतेक वेळा एकच असतं: वेगाने वाचणं. कथानकाच्या मागे धावत वाचलं, की कोण कोणाच्या रूपात आहे याचा धागा सुटतो आणि पुढचं सगळं गोंधळाचं वाटू लागतं. ही कादंबरी संशय घेत वाचायची आहे. खाली दिलेली सगळी पद्धत त्या एकाच गोष्टीसाठी आहे.

आवृत्ती निवडताना

खत्री १९१३ साली वारले. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो, म्हणून हे पुस्तक केव्हाच सर्वांसाठी खुलं झालं आहे. त्यामुळे ते अनेक प्रकाशकांकडून निघतं आणि दर्जात फार फरक असतो. विकत घेण्याआधी किंवा फोनवर उतरवून घेण्याआधी चार गोष्टी तपासा.

पहिली, पुस्तकात चार हिस्से आहेत का. मूळ कादंबरी चार भागांची आहे आणि प्रत्येक भागात क्रमांक दिलेली ‘बयानं’ म्हणजे छोटी प्रकरणं आहेत. बयानांचे क्रमांक काढून टाकलेली प्रत घेऊ नका. मागे जाऊन एखादा प्रसंग शोधायचा झाला तर तिथे हात टेकावे लागतात. दुसरी, लेखकाची प्रस्तावना आहे का. ती दोनेक पानांचीच आहे, पण ऐयार म्हणजे कोण हे तिथे लेखकानेच सांगितलं आहे. तिसरी, मुखपृष्ठावर किंवा आतल्या पानावर ‘संक्षिप्त’, ‘सरल’, ‘किशोर संस्करण’ असे शब्द नाहीत ना. संक्षेपात सर्वांत आधी कापले जातात ते वेषांतराचे तपशील, आणि नेमका रस तिथेच असतो. चौथी, पात्रपरिचय. काही आवृत्त्यांत आरंभी पात्रांची यादी असते आणि त्यात ‘अमुक म्हणजे प्रत्यक्षात तमुक’ असंही लिहिलेलं असतं. तशी यादी दिसली तर त्या पानाला चिकटपट्टी लावून टाका.

इंटरनेटवरच्या मोफत प्रतींत एक नेहमीचा दोष आढळतो: संवादांची अवतरणचिन्हं गळालेली असतात. कोण बोलतंय हे कळेनासं होतं, आणि इथे तर बोलणाराच खोटा असू शकतो. पहिलं बयान वाचून पाहा. राजकुमार वीरेंद्रसिंह आणि त्याचा ऐयार तेजसिंह संध्याकाळी टेकडीखाली एका खडकावर बसून बोलत आहेत, तो संवाद नीट विभागलेला असेल तर ती प्रत चालेल.

मालिका बाजूला ठेवा

दूरदर्शनवर १९९४ पासून दाखवलेली ‘चंद्रकांता’ अनेकांच्या डोक्यात पक्की आहे, विशेषतः अखिलेंद्र मिश्रांचा क्रूरसिंह आणि इरफान खानचा बद्रीनाथ. मालिकेने कथा फार फुलवली. तिच्यातले कितीतरी प्रसंग कादंबरीत नाहीत आणि पात्रांचे स्वभावही बदललेले आहेत. मालिका आठवत असेल तर त्या आठवणींवरून अंदाज बांधू नका. ते हमखास चुकतील. मूळ पुस्तकात बद्रीनाथ हा चुनारच्या शिवदत्ताच्या पदरी असलेल्या कसलेल्या ऐयारांपैकी एक आहे, आणि त्याची खरी गंमत त्याच्या हुशारीत आहे.

वाचनाआधी अर्धा तास: एक पान, तीन रकाने

वहीचं एक कोरं पान आडवं धरा आणि तीन रकाने करा: नौगढ, विजयगढ, चुनारगढ.

नौगढच्या रकान्यात राजा सुरेंद्रसिंह, राजकुमार वीरेंद्रसिंह, दिवाण जीतसिंह, त्याचा मुलगा ऐयार तेजसिंह, आणि ऐयार देवीसिंह. विजयगढखाली राजा जयसिंह, राजकन्या चंद्रकांता, तिच्या सख्या चपला आणि चंपा, आणि घरभेदी क्रूरसिंह. क्रूरसिंहाचे दोन ऐयार, नाज़िम आणि अहमद, त्याच्याच नावाखाली लिहा. चुनारगढखाली महाराज शिवदत्त आणि त्याचे ऐयार: बद्रीनाथ, पन्नालाल, रामनारायण, चुन्नीलाल वगैरे. ज्योतिषी जगन्नाथ हे रमल, म्हणजे फाशांचं ज्योतिष, टाकून माग काढणारे गृहस्थ. त्यांना पेन्सिलीनेच लिहा. एवढ्या नावांनी कुठलंही रहस्य फुटत नाही.

आता प्रत्येक नावापुढे चौकटभर जागा मोकळी सोडा. तिथे त्या क्षणीची अवस्था नोंदवायची: मोकळा, कैदेत, वेषांतरात, बेपत्ता. चारच शब्द पुरतात. बयान संपलं की बदललेल्या नावांपुढची नोंद खोडून नवी करायची, म्हणून पेन्सिल. याला मिनिटभरही लागत नाही. ‘बेपत्ता’ असं लिहिलेल्या माणसावर सर्वांत जास्त लक्ष ठेवा. तीन-चार बयानं ज्याचा पत्ता नाही तो बहुधा दुसऱ्या कोणाच्या तरी चेहऱ्याने तुमच्यासमोरून जाऊन आलेला असतो.

त्याच पानाच्या मागे छोटा नकाशा काढा. चुनारचा किल्ला उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूर जिल्ह्यात गंगेच्या काठावर आहे. तिथून आग्नेयेला, आजच्या चंदौली जिल्ह्यात, नौगढ. त्याच्याही दक्षिणेला सोनभद्र जिल्ह्यात विजयगढचा डोंगरी किल्ला. मधल्या डोंगराळ रानातून चंद्रप्रभा आणि कर्मनाशा या नद्या वाहतात. कादंबरीत त्यांची नावं येतात. खत्रींनी या भागातल्या जंगलांचे ठेके घेतलेले होते, आणि तिथले पडके किल्ले, गुहा, खोरी त्यांनी पायी तुडवली होती. म्हणून वर्णनात वाटा, ओढे, गुहा इतक्या खात्रीने येतात. राजे आणि त्यांच्या लढाया मात्र कल्पित आहेत. इतिहासाच्या पुस्तकात हा वीरेंद्रसिंह शोधू नका.

भाषेची तयारी

वाक्यं लहान आणि बोलती आहेत. अडतात ते थोडे शब्द, आणि तेही पुन्हा पुन्हा येणारे, त्यामुळे एकदा पाठ झाले की काम भागतं. ‘सुरंग’ म्हणजे भुयार. मराठीतला स्फोटाचा सुरुंग डोळ्यांपुढे आला तर आख्खा प्रसंग उलटा समजतो. ‘तहखाना’ तळघर, ‘खोह’ गुहा किंवा अरुंद दरी, ‘कोठरी’ लहान खोली, ‘लौंडी’ दासी, ‘पुर्जा’ चिठोरा, ‘भेद’ गुपित, ‘टोह’ माग.

ऐयारांच्या सामानाचे शब्द वेगळे लिहून ठेवा. ‘बटुआ’ म्हणजे खांद्याला लटकवलेली पिशवी. रंग, औषधं, कपडे, सगळं तिच्यात. ‘कमंद’ म्हणजे भिंत चढण्याचा दोर. ‘लखलखा’ हुंगवला की बेशुद्ध माणूस शुद्धीवर येतो. ‘ज़फ़ील’ ही खुणेची शीळ. आणि ‘गठरी’: बेशुद्ध केलेल्या माणसाला चादरीत बांधून पाठीवर टाकून न्यायचं गाठोडं. पाठीवर गठरी घेऊन कोणी जाताना दिसला की वाचकाने पहिला प्रश्न विचारायचा: आत कोण?

वेळ मोजायला शिका, कारण डावपेच वेळेवर चालतात. एक पहर म्हणजे तीन तास, एक घड़ी म्हणजे २४ मिनिटं. सूर्यास्त सहाला धरला तर ‘पहर रात गये’ म्हणजे नऊ, ‘डेढ़ पहर रात’ म्हणजे साडेदहा, ‘दो पहर रात’ म्हणजे मध्यरात्र. ‘चार घड़ी रात रहते’ म्हणजे उजाडायला सुमारे दीड तास बाकी. अंतरासाठी कोस, साधारण तीन किलोमीटर. हे आकडे लक्षात असले की एखादा ऐयार एका रात्रीत कुठून कुठे पोचू शकतो आणि कुठे पोचू शकत नाही, हे स्वतः तपासता येतं. पुष्कळ ठिकाणी सोंग उघडं पडतं ते एवढ्याच हिशेबाने.

वाचायचं कसं

एका बैठकीला चार ते सहा बयानं. बयान बहुधा काही पानांचंच असतं आणि बहुतेक वेळा अशा जागी तुटतं की पुढचं वाचल्यावाचून राहवत नाही. तरी सहावर थांबा. सलग पंधरा-वीस बयानं वाचणाऱ्याला मजा येते, पण दुसऱ्या दिवशी कोण कुठे होतं ते आठवत नाही. उलट आठवडाभराचं अंतर पडलं तरी तेच होतं. रोज पाऊण तास, हा वेग या पुस्तकाला मानवतो. एक हिस्सा संपला की एक दिवस विसावा घ्या आणि फक्त वहीचं पान वाचा.

पहिला हिस्सा मुद्दाम सावकाश वाचा. तिथे लेखक तुम्हाला ऐयारीचे नियम शिकवतो. बागेत, महालात, दासींच्या रूपात माणसं ये-जा करतात, आणि सुरुवातीला लेखक स्वतःच सांगतो की हा अमुक आता तमुकाचं रूप घेऊन निघाला. अशा वेळी वहीत बाण काढा: खरं नाव, बाण, घेतलेलं रूप. काही वेळा तो माणसाला खऱ्या नावाने संबोधतो, काही वेळा रूपाच्या नावाने. बाण नसेल तर इथे हमखास फसगत होते. पुढे पुढे लेखक सांगणं बंद करतो. तेव्हा कोणीही नवं माणूस आलं, किंवा जुनं माणूस बऱ्याच वेळाने परतलं, की चार प्रश्न विचारायचे.

हा एकटा कधी होता? ज्याचं रूप घ्यायचं त्या माणसाला आधी एकटं गाठून बेशुद्ध करावं लागतं, म्हणून कोणीही थोडा वेळ नजरेआड झाला की शंका धरा.

काही खायला, हुंगायला देतो आहे का? बेशुद्धीचं औषध मिठाईतून, पानातून, अत्तरातून, फुलातून, धुरातूनही दिलं जातं. अकारण आग्रह दिसला की डाव आहे.

नसत्या चौकशा करतो का? जे त्या माणसाला ठाऊकच असायला हवं, ते विचारणारा माणूस तो नव्हे.

चेहरा धुवायची वेळ टाळतो का? पाण्याने रंग उतरतो. ऐयार एकमेकांची परीक्षा अशीच घेतात.

उत्तर सुचलं तर समासात एका शब्दात लिहा आणि पुढे जा. अंदाज बरोबर येणं महत्त्वाचं नाही. चुकल्यावर मागे जाऊन ती जागा पुन्हा वाचा. खूण तिथे होती की लेखकाने लपवली होती, ते पाहा. काही ठिकाणी खत्री लबाडी करतात, खूण ठेवतच नाहीत, आणि ते लक्षात येणं हाही वाचनाचा भाग आहे. पण बऱ्याच ठिकाणी खूण समोर पडलेली असते.

ऐयारीचा एक अलिखित कायदा ध्यानात असू द्या. ऐयाराला पकडतात, कैदेत टाकतात, पण सहसा ठार मारत नाहीत. लेखकाने प्रस्तावनेत म्हटलं आहे की पूर्वी दरबारांत ऐयार ठेवत आणि रक्तपात न होता त्यांच्या चलाखीनेच भांडणं मिटत. म्हणून इथल्या लढतीत जिवापेक्षा अब्रूची बाजी मोठी असते. फसवला गेलेला ऐयार लाजेने चूर होतो, सुटतो आणि नवा डाव टाकतो. आजच्या थरारकथांची सवय असलेल्या वाचकाला पहिल्यांदा वाटतं की परिणाम काहीच होत नाहीत, पकडापकडी नुसती चालूच आहे. दोन तुल्यबळ पैलवानांची कुस्ती पाहावी तशी ही पकडापकडी पाहा: प्रत्येक वेळी पेच कोणता आणि तोड कोणती. मग कंटाळा येत नाही.

तिलिस्म वाचताना

इथे मंत्र नाहीत, भूत-प्रेतं नाहीत, आकाशातून उतरणारे देव नाहीत. या बाबतीत खत्री उर्दू दास्तानांपासून, म्हणजे जादूच्या लांबलचक कथांपासून, वेगळे झाले. लखनौच्या नवलकिशोर प्रेसने १८८३ पासून छापायला घेतलेल्या ‘तिलिस्म-ए-होशरुबा’त जादूगार खरोखरच जादू करतात. खत्रींचा तिलिस्म म्हणजे कारागिरी: कळा, चाकं, औषधी धूर, सरकणाऱ्या शिळा, गुप्त दारं. वारस नसलेल्या धनवान राजाने ज्योतिषी, वैद्य आणि कारागिरांकडून तो बांधून घ्यायचा, खजिना आत ठेवायचा, आणि ज्याच्या नशिबी तो लिहिला असेल त्यानेच तो तोडायचा, अशी त्यामागची कल्पना. तोडण्याच्या सूचना ग्रंथात लिहून ठेवलेल्या असतात.

म्हणून तिलिस्मात शिरताना दुसरा कागद घ्या आणि खोल्यांचा आराखडा काढत चला: चौथरा कुठे, दार कुठल्या दिशेला, पायऱ्या किती, कशाला हात लावल्यावर काय झालं. दिशा लेखक काळजीने देतो. दुसऱ्या हिश्श्यात एक दगडी बगळा जिवंत माणसाला गिळतो. कोणाला, हे इथे सांगत नाही. तो प्रसंग आला की घाबरण्याबरोबर हेही विचारा की बगळ्याच्या आत काय असेल आणि गिळलेला माणूस कुठे बाहेर पडेल. पुढे उलगडा होतो तेव्हा आपला आराखडा त्याच्याशी ताडून पाहण्यात फार मोठा आनंद आहे. जादूची अपेक्षा ठेवून आलेला वाचक मात्र उलगडा वाचून ‘एवढंच?’ म्हणतो. अपेक्षा आधीच बदलून घ्या.

प्रेमकथा

वीरेंद्र आणि चंद्रकांता फार कमी वेळा भेटतात. पत्रं, निरोप, रडणं, बेशुद्ध पडणं, यातच त्यांचं प्रेम चालतं. राजकुमाराचं वारंवार अश्रू ढाळणं आजच्या वाचकाला जड जातं. ते परिच्छेद भरभर वाचले तरी बिघडत नाही. खरी जिवंत जोडी तेजसिंह आणि चपला यांची आहे. चपला स्वतः ऐयारीत तरबेज आहे, वेष पालटते, शत्रूला फसवते, आणि तेजसिंह तिच्याशी बरोबरीने बोलतो. त्यांचे संवाद मोठ्याने वाचा. थट्टा आणि मान दोन्ही एका वाक्यात कसे येतात ते कानाला कळतं. तिसऱ्या हिश्श्यापासून एक वनकन्या येते. तिच्याविषयी इंटरनेटवर काही शोधू नका, शोधपेटीत तिचं नाव टंकलंत तरी सूचना म्हणून उत्तर समोर येण्याची भीती आहे.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. नाज़िम-अहमद यांच्यासारख्या मुसलमान पात्रांकडे आणि नोकरवर्गाकडे पाहण्याच्या नजरेत त्या काळाचे पूर्वग्रह उघड दिसतात. मुलांना वाचून दाखवत असाल तर तिथे थांबून बोला. गाळून पुढे जाऊ नका.

सोबतीने वाचायचं असेल तर

ही कादंबरी मोठ्याने वाचायला फार सोयीची आहे. दोघं-तिघं असाल तर एकाने बयान वाचावं आणि शेवटी प्रत्येकाने ‘या बयानात खोटा कोण?’ याचं उत्तर चिठ्ठीवर लिहून घडी घालून ठेवावी. हिस्सा संपल्यावर चिठ्ठ्या उघडाव्यात. अट एकच: आधी वाचलेल्याने तोंड बंद ठेवायचं. भुवई उडवायचीसुद्धा नाही. ज्यांना अशा कथांची मराठी परंपरा पाहायची असेल त्यांनी यानंतर लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची १८६१ ची ‘मुक्तामाला’ जरूर हाती घ्यावी. ती ‘चंद्रकांते’च्या पाव शतक आधीची आहे, आणि संकटं, कारस्थानं, ताटातूट, पुनर्भेट हा साचा तिथे मराठीत आधीच तयार झालेला दिसतो.

पुढे काय वाचावं

चार हिस्से संपल्यावर ‘चंद्रकांता संतति’ समोर असते: २४ हिस्से, बहुधा सहा खंडांत. लगेच सुरू करू नका. नवी वही लागेल. नायक आता पुढच्या पिढीतले, इंद्रजीतसिंह आणि आनंदसिंह, आणि कथा रोहतासगढ, जमानिया असा विस्तार घेते. पात्रं कित्येक पट वाढतात, आणि शेवटच्या हिश्श्यांत जुन्या घटनांचे लांबलचक खुलासे येतात. रकाने तीनऐवजी सहा-सात करा आणि प्रत्येक खंडाला वेगळं पान द्या. विजेच्या झटक्यासारखा परिणाम करणारं तिलिस्मी खंजर याच मालिकेत येतं. ते आणि त्याच्या जोडीची अंगठी सध्या कोणाकडे आहे, ही नोंद शेवटपर्यंत ठेवा.

‘भूतनाथ’ ही याच मालिकेतली पुढची कादंबरी मात्र सर्वांत शेवटी. त्यातल्या घटना ‘संतति’च्या आधीच्या काळातल्या आहेत म्हणून काही जण ती आधी वाचायला सुचवतात. तसं केलंत तर ‘संतति’तलं भूतनाथाचं गूढ, जे शेकडो पानं टिकतं, पहिल्याच पानापासून निकामी होतं. शिवाय खत्रींच्या हातून तिचे पहिले सहाच भाग झाले. उरलेले त्यांचे पुत्र दुर्गाप्रसाद खत्री यांनी लिहिले. सातव्या भागापासून हात बदललेला आहे, हे ध्यानात ठेवून वाचा.